चढावर 'कटकट' करणारी जीप आणि दुसऱ्याला बांधता येईल असं डिझाइन

प्रश्न थोडक्यात असा: लेगो टेक्निकच्या (गिअर आणि मोटर्स जोडता येणाऱ्या लेगोच्या) भागांतून एक फोर-बाय-फोर जीप कॉम्प्युटरवर डिझाइन केली आहे. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या जुन्या मोटर-मालिकेतल्या दोन एल मोटर्स चारही चाकं फिरवतात, चाकांचा व्यास ८१.६ मिलिमीटर आहे, वजन साधारण दोन किलो. सॉफ्टवेअरमध्ये सगळं चोख बसतं. बांधलेली गाडी सपाट जमिनीवर मस्त पळते, पण चढ लागला की पोटातून 'कट कट कट' आवाज येतो आणि चाकं थांबतात. एल काढून त्याहून जोरदार एक्सएल मोटर्स लावाव्यात का? आणि पुढे हे मॉडेल बांधणीच्या सूचनांसकट इतरांना द्यायचं असेल तर काय तयारी हवी?

मोटर बदलू नका. तो आवाज मोटर कमी पडल्याचा नाही. मोटर खरोखर कमी पडली तर ती हुं करून मुकाट थांबते, कटकट करत नाही. कटकट होते तेव्हा मोटर पुरेसा जोर लावत असते आणि तो जोर पेलण्याऐवजी कुठेतरी दोन गिअर एकमेकांपासून दूर सरकून दातांवरून उडी मारत असतात. एक्सएल लावलीत तर आवाज मोठा होईल आणि दात लवकर झिजतील. दुरुस्ती चौकटीत आणि गिअरांच्या मांडणीत करायची आहे.

गिअरचे दात समोरच्या गिअरला फिरवतात तसे त्याला बाजूलाही ढकलतात. जोर वाढेल तसा हा ढकलाही वाढतो. टेक्निकचे ॲक्सल (गिअर आणि चाकं बसवायचे दांडे) आणि बीम (छिद्रांच्या पट्ट्या) प्लास्टिकचे असतात, ते वाकतात. एक मिलिमीटरभर वाकले तरी पुरतं, कारण या गिअरांचं मॉड्यूल (दातांच्या आकाराचं माप) १ आहे, म्हणजे दातच मुळात जेमतेम दोन मिलिमीटर उंचीचे. मॉड्यूल १ असण्याचा फायदाही आहे: दोन गिअरांच्या दातांची बेरीज करून निम्मी केली की त्यांच्या केंद्रांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. ८ आणि २४ दात, बेरीज ३२, अंतर १६ मिलिमीटर. बीमवरची छिद्रं ८ मिलिमीटरवर असतात, म्हणून ही जोडी बरोबर दोन छिद्रांवर बसते. १२ आणि २० दातांची जोडीही दोनवर, तर २० आणि २८ किंवा १२ आणि ३६ तीन छिद्रांवर. १६ आणि २४ मात्र अडीचवर जातात, तिथे अर्ध्या छिद्राची सोय करावी लागते. हे गणित तोंडपाठ असलं की सॉफ्टवेअर उघडण्याआधीच अर्धा गिअरबॉक्स डोक्यात तयार होतो.

तुमच्या जीपमध्ये संशयित जागा कोणती हे गाडी न उघडताही बऱ्यापैकी सांगता येतं: मधला दांडा जिथे पुढच्या किंवा मागच्या ॲक्सलला काटकोनात मिळतो ती. काटकोनातले गिअर एकमेकांना दोन दिशांनी ढकलतात. एक ॲक्सल बाजूला सरकू पाहतो, दुसरा मागे. समांतर ॲक्सल एकाच बीममध्ये शेजारीशेजारी धरता येतात, काटकोनात तसं जमत नाही. म्हणून तिथे दोन्ही ॲक्सलना गिअरच्या अगदी लगत आधार हवा आणि दोन्ही आधार एकाच अखंड भागात हवेत. याच कामासाठी चौकटीच्या आकाराचे एकसंध तुकडे मिळतात. ते दोन-तीन पिनांनी जोडलेल्या चार बीमांपेक्षा कितीतरी चिवट असतात. गिअरच्या मागे ॲक्सलवर बुश (गिअर जागेवर धरणारी छोटी कडी) नसेल तर गिअर ॲक्सलवरूनच मागे सरकतो, तेही बघा. आणि गिअरच्या एकाच बाजूला आधार देऊन दुसरं टोक मोकळं सोडलं असेल तर तिथेच रोग आहे असं धरून चाला.

शोधायची पद्धत सोपी आहे. गाडीची बॉडी काढा, एक चाक हाताने घट्ट धरा आणि मोटर क्षणभर सुरू करा. ज्या जोडीत फट पडताना दिसेल ती गुन्हेगार. चारही चाकं एकेक करून तपासा, कारण एक जागा बळकट केली की पुढची कमकुवत जागा उघडी पडते.

आता मांडणी. आकडे घेऊन बोलू, नाहीतर 'जोर' हा शब्द हवेतच राहतो. हौशी मंडळींनी ९ व्होल्टवर मोजलेले आकडे असे आहेत: एल मोटर बिनओझ्याची मिनिटाला सुमारे ३९० फेरे फिरते आणि पूर्ण अडवली तर १८ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, एक्सएल सुमारे २२० फेरे आणि ४० न्यूटन-सेंटिमीटर. पण अडवलेल्या अवस्थेत मोटर चालवायची नसते. एक तृतीयांश टॉर्कवर ती आरामात काम करते आणि तेव्हा तिचा वेग दोन तृतीयांश उरतो. म्हणजे एक एल मोटर धरायची सहा न्यूटन-सेंटिमीटर आणि २६० फेरे. दोन मोटर्सचे बारा.

दोन किलोची गाडी ३० अंशांच्या चढावर न्यायची तर तिला साधारण १० न्यूटनचा जोर लागतो. चाकाची त्रिज्या चार सेंटिमीटर, म्हणून चाकांवर मिळून ४० न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क हवा. गिअर, सांधे आणि बुश यांतल्या घर्षणात निम्मा जोर जातो असं धरायची माझी सवय आहे. चांगल्या बांधणीत कमी जातो, पण डिझाइन करताना निम्माच धरा. म्हणजे ८० हवेत, आहेत १२. एकूण रिडक्शन, म्हणजे गिअरांनी वेग कमी करून त्याच पटीत टॉर्क वाढवणं, साडेसहाच्या जवळपास लागेल. मग चाकं मिनिटाला ४० फेरे फिरतील, एका फेऱ्यात पाव मीटरहून किंचित जास्त जातील आणि गाडी सेकंदाला १७ सेंटिमीटरच्या आसपास चढेल. ऑफ-रोड जीपला हा वेग शोभतो. म्हणजे या गाडीला दोन एल मोटर्स पुरतात.

हे साडेसहाचं रिडक्शन कुठे करायचं यावर गाडीचं नशीब ठरतं. मोटरच्या लगेच पुढे केलंत तर तिथून चाकापर्यंतचा प्रत्येक ॲक्सल, प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळूनही फिरवणारा सांधा) आणि ती काटकोनातली जोडी ४० ते ८० न्यूटन-सेंटिमीटर सोसते. चाक दोन दगडांत अडकलं तर दोन्ही मोटर्सचा अडलेला टॉर्क ३६, गुणिले साडेसहा, म्हणजे सव्वादोनशेच्या वर. ॲक्सल पिळवटतो, सांधा निखळतो, गिअर उडी मारतो. तेच रिडक्शन शेवटी, चाकाजवळ केलंत तर मधल्या दांड्यात वेग जास्त आणि टॉर्क कमी राहतो. २०१९ च्या ४२०९९ या ऑफ-रोडर सेटबरोबर लेगोने चाकाच्या आतच बसणारे, पोटात गिअर असलेले प्लॅनेटरी हब आणले. त्यांचं रिडक्शन ५.४ आहे. ते वापरले की मधल्या दांड्यावरचा ४० ते ८० हा आकडा थेट ७ ते १५ वर येतो. मोटरजवळ फक्त १.२ च्या आसपास उरतं, किंवा तेही सोडून थेट जोडणी करता येते. माझ्या मते जड, हळू चालणाऱ्या गाड्यांसाठी गेल्या कित्येक वर्षांत इतका उपयोगी दुसरा भाग आलेला नाही. हब नसतील तर पोर्टल ॲक्सल करा: चाकाजवळ ८ आणि २४ दातांची जोडी, तीनपट रिडक्शन, शिवाय डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) जमिनीपासून दोन छिद्रं वर जातं आणि गाडीच्या पोटाखाली जागा मिळते.

वर्म गिअरचा (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरचा) मोह इथे टाळा. एका झटक्यात आठपट किंवा चोवीसपट रिडक्शन मिळतं खरं, पण घर्षण फार आणि चाकाकडून मोटर उलटी फिरत नाही, म्हणून उतारावर गाडी धक्के खात थांबते. विंच, क्रेनचा हात, डंपरचा हौदा, अशा जिथे वजन धरून ठेवायचं असतं तिथे वर्मसारखं काही नाही.

डिफरन्शियलचा प्रश्न विचारलेला नाही, पण पुढचा तोच येणार. एक चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल तेच चाक फिरवत बसतं. दगडधोंड्यांवर चालवायच्या गाडीत म्हणून बरेच जण ते काढून टाकतात. मग फरशीवर वळताना आतलं आणि बाहेरचं चाक एकमेकांशी झगडतात आणि तो ताण पुन्हा गिअरांवर येतो. तुमची जीप दोन्हीकडे चालणार असेल तर पुढे डिफरन्शियल ठेवा, मागे काढा. हा मध्यममार्ग आहे, आणि मला तो बहुतेक गाड्यांत पुरला आहे.

घर्षणाबद्दल एकच सांगतो, कारण सगळ्यांत जास्त गाड्या इथे मरतात: बुश दाबून बसवू नका. ॲक्सलवरचे बुश बीमला घट्ट चिकटवले की ब्रेक लावून गाडी चालवल्यासारखं होतं. नखाची कड जाईल इतकी फट ठेवा. मोटर जोडण्याआधी पूर्ण ड्राइव्ह हाताने फिरवून बघा. एका बोटाने फिरली पाहिजे आणि प्रत्येक फेऱ्यात सारखीच फिरली पाहिजे. एका ठिकाणी अडून पुढे सहज फिरत असेल तर एखादा ॲक्सल वाकलेला आहे किंवा युनिव्हर्सल जॉइंटची जोडी एका रेषेत लावलेली नाही. एकाच दांड्यावर दोन जॉइंट असतील तर दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे समांतर हवेत, नाहीतर फिरण्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होत राहतो.

स्टिअरिंगकडेही एकदा बघून घ्या. टेक्निकमध्ये चाक वळण्याचा बिंदू बऱ्याचदा टायरच्या मध्यापासून दूर पडतो. मग चाक जागेवर न वळता कमानीत फिरतं, मडगार्डला घासतं आणि चढावर जोर लागला की स्वतःच वळू बघतं. प्लॅनेटरी हबमध्ये हा बिंदू चाकाच्या आत येतो, तो आणखी एक फायदा. पॉवर फंक्शन्सची सर्वो मोटर मध्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात पायऱ्यांत थांबते आणि सोडली की मध्यावर परत येते. त्यानंतर आलेल्या पॉवर्ड अप या मालिकेतल्या मोटरला तसा स्वतःचा मध्य नसतो. सुरुवातीला ती दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आपटते आणि मधला बिंदू शोधते. म्हणून त्या पद्धतीत स्टिअरिंगला दोन्ही बाजूंना ठाम अडथळा लागतो. तो लवचिक असेल तर दर वेळी मध्य वेगळा निघतो आणि गाडी सरळ जात नाही.

इथपर्यंत गाडी चढ चढेल. दुसऱ्याने बांधलेलीही चढली पाहिजे, आणि हे काम पहिल्याइतकंच मोठं आहे.

पॉवर फंक्शन्स की पॉवर्ड अप, हे मॉडेलच्या पहिल्या ओळीत लिहा. पॉवर फंक्शन्स २००७ साली आलं, आता बनत नाही, तरी असंख्य लोकांच्या डब्यात आहे. त्याच्या जागी आलेल्या पॉवर्ड अपमध्ये टेक्निक हबला (इथे हब म्हणजे बॅटरी आणि कंट्रोल एकत्र असलेली पेटी) चार पोर्ट आहेत, पण प्लगवर प्लग रचता येत नाही. तुमच्या दोन एल मोटर्स पॉवर फंक्शन्समध्ये एकाच जागी रचून लावलेल्या असतील. पॉवर्ड अपमध्ये त्यांना दोन पोर्ट आणि एकत्र फिरवण्याची सेटिंग लागेल. बॅटरीची पेटी आणि हब यांचे आकारही वेगळे, त्यामुळे 'दुसरी मोटर चालेल' असं एका ओळीत लिहून सुटका होत नाही. दोन्ही प्रकार द्यायचे असतील तर दोन्ही बांधून चालवा, नाहीतर एकच द्या.

बॅटरीही नोंदवा. सहा अल्कलाइन सेल कागदावर ९ व्होल्ट देतात, पण ओझं पडलं की खाली घसरतात. रिचार्जेबल निकेल सेल सहा मिळून ७.२ व्होल्टचे असले तरी ओझ्याखाली तेवढेच टिकून राहतात, म्हणून चढावर तेच अनेकदा सरस ठरतात. बुविझसारखा बाहेरच्या कंपनीचा कंट्रोलर जादा व्होल्टेजवर लावून व्हिडिओ काढला असेल तर ते व्हिडिओखालीच लिहा. बघणाऱ्याची गाडी साध्या पेटीवर तशी पळणार नाही, आणि आपलं काहीतरी चुकलं असं समजून तो रात्रभर गिअर उचकटत बसेल. हे आपल्या हौसेतल्या माणसाशी केलेलं वाईट वागणं आहे.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, स्टुडिओ किंवा १९९५ मध्ये जेम्स जेसिमनने सुरू केलेल्या एलड्रॉवर आधारलेलं दुसरं काही, ते तुम्हाला दोन भाग एकमेकांत घुसतात का एवढं सांगतं. वजनाने पडणारा ताण, वाकणं, घर्षण त्याला माहीत नसतं. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे बांधणीचा क्रम. पडद्यावर तुम्ही बंद चौकटीच्या आत पिन सहज ठेवता. प्रत्यक्षात तिथे बोटच जात नाही. केबलही पडद्यावर नसतात किंवा हव्या तशा वळतात. म्हणून सूचना काढण्याआधी गाडी पूर्ण सुटी करा आणि ज्या क्रमाने पानं असतील त्याच क्रमाने पुन्हा बांधा. तिरका आधार देताना ३-४-५ चा त्रिकोण वापरत असाल तर बीमवर छिद्रं ४, ५ आणि ६ मोजायची हे लक्षात ठेवा, कारण अंतरं छिद्रांच्या मधली असतात. त्याच्या जवळपासचा, पण नेमका नसलेला कोन सॉफ्टवेअर मुकाट्याने चालवून घेतं आणि हातात मात्र बीम ताणून बसवावा लागतो.

सूचनांमध्ये गाडीचे तुकडे पाडा: मागचा ॲक्सल, पुढचा ॲक्सल, मधली चौकट, स्टिअरिंग, बॉडी. प्रत्येक तुकडा संपला की 'इथे ॲक्सल हाताने फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे' अशी थांबायची जागा द्या. याने जितका त्रास वाचतो तितका दुसऱ्या कशानेच नाही. नाहीतर चौथ्या पानावरची चूक शेवटच्या पानावर कळते. एका पायरीत मोजकेच भाग ठेवा. काळा आणि गडद करडा रंग छपाईत सारखे दिसतात, म्हणून सूचनांपुरते आतले भाग वेगळ्या रंगात दाखवले तरी चालतील. पिनांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. घर्षणवाली काळी पिन आणि मोकळी फिरणारी करडी पिन दिसायला भावंडं आहेत, पण सस्पेन्शनच्या सांध्यात काळी बसली तर सस्पेन्शन जाम. अशा जागी वेगळी खूण करा. ॲक्सलच्या लांबीचा आकडा प्रत्येक वेळी लिहा.

भागांची यादी करताना एकेका भागाकडे 'हा दुसऱ्याला मिळेल का' या नजरेने बघा. ब्रिकलिंक २००० सालापासून सुट्या भागांचा बाजार चालवतं, तिथे जवळपास सगळं मिळतं, पण एखादा भाग त्या रंगात एकाच जुन्या सेटमध्ये आला असेल तर तो एकच भाग सगळ्यांत महाग पडतो. आणि स्टुडिओत हवा तो रंग देता येतो म्हणून तो भाग त्या रंगात खरोखर बनला असेलच असं नाही. दिसणाऱ्या जागी तसा भाग असेल तर पर्यायी रंग सुचवा. आतल्या जागी असेल तर रंग चालेल तो असं सरळ लिहा. रीब्रिकेबल या वेबसाइटवर यादी चढवली की वाचणारा आपल्या सेटशी ती ताडून पाहू शकतो. पहिलंच डिझाइन असेल तर एकाच सेटच्या भागांतून दुसरं मॉडेल बनवण्याचा विचार जरूर करा. भागांची मर्यादा त्रास देते, पण ज्याच्याकडे तो सेट आहे तो त्याच संध्याकाळी बांधायला बसू शकतो.

मग एका माणसाला बांधायला द्या. तुमचं मॉडेल न पाहिलेला हवा, आणि तो बांधत असताना तुम्ही काही बोलायचं नाही. तो जिथे पान मागे उलटतो तिथे खूण करा. त्याची गाडी तुमच्या गाडीइतकाच चढ चढली की मॉडेल द्यायला तयार आहे. त्याची कटकट करत असेल आणि तुमची करत नसेल, तर तुमच्या हाताने नकळत केलेलं काहीतरी, एखादा बुश सैल सोडणं किंवा बीम दाबून बसवणं, पानावर आलेलं नाही.

श्रेय द्यायला कचरू नका. पुढच्या ॲक्सलची कल्पना कुणाच्या मॉडेलवरून घेतली असेल तर नावानिशी लिहा आणि बदल काय केला तेही सांगा. सस्पेन्शनच्या साध्या रचना सगळ्यांच्याच आहेत, पण एखाद्याने महिनोन्‌महिने बसून जमवलेली चौकट उचलून रंग बदलणं वेगळं. हौशी लोकांची मॉडेलं त्यांना न विचारता खोक्यात भरून विकली जातात याचा राग आपल्या सगळ्यांना आहे; आपण तेच लहान प्रमाणावर करू नये. सूचना फुकट द्यायच्या की पैसे घ्यायचे हा तुमचा निर्णय आहे. पैसे घेणार असाल तर वरची परीक्षा झालेली असलीच पाहिजे आणि विचारलेल्या शंकेला उत्तर देण्याची तयारीही हवी.

फाइलच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा आकडा आणि तारीख टाका. कुणी चूक कळवली की ती दुरुस्त करून आकडा वाढवा आणि कुठल्या पायरीत काय बदललं ते एका ओळीत लिहा. ज्याने जुन्या फाइलवरून अर्धी गाडी बांधली आहे त्याला कुठपर्यंत उघडायचं हे त्यावरून कळतं.